पुलाची वाकडी भिंत

आबा, तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, आणि मीही नोकरीतून केव्हाच मोकळा झालो. परवा तळेऱ्याहून देवगडच्या रस्त्याने जाताना तो पूल लागला. गाडी थांबवली आणि खाली उतरून भिंतीवर हात ठेवला. इतक्या पावसाळ्यांनंतरही ती सरळ उभी आहे.

मुंबई राज्याचा महाराष्ट्र व्हायच्या आदल्या वर्षी मी त्या पुलाच्या कामावर देखरेखीला नवा ओव्हरसिअर म्हणून आलो आणि तुम्ही मुकादम होतात. मी मालवणचाच, पण कामावर मुद्दाम शुद्ध मराठी बोलायचो. हाताखालची माणसं दबून राहिली तरच काम होतं, असं मला तेव्हा वाटे. पावसाच्या आत दोन्ही काठांच्या भिंती उभ्या राहिल्या नाहीत, तर ओढा पायाच उखडून नेणार होता. अशात पलीकडच्या काठाची भिंत वीतभर तिरकी निघाली. नांदगावचा म्हातारा गवंडी ती बांधत होता. सगळ्यांच्या देखत मी त्याला कामचुकार म्हटलं, डोळे गेले असतील तर घरी बस म्हटलं. त्याने थापी धुतली, पिशवीत ठेवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याचे अकरा गडीही आले नाहीत.

मी तुम्हाला सांगितलं, जा आणि त्यांना घेऊन या. तुम्ही दगडावर बसून तंबाखू मळत होतात. मान वर न करता म्हणालात, "सायबानु, भिंत वाकडी होती ह्यां खरां. पण तुमी माणसाक वाकडो म्हटल्यात. माका धाडलात तर तो येतलो, पण मनान येवचो नाय. तुमीच जावा." मला राग आला. तरी गेलो, कारण दुसरा इलाज नव्हता.

गवंडी अंगणात माडाच्या झावळ्यांची चुडतं विणत बसला आहे. मला पाहून उठतो, पाट देतो, गूळपाणी ठेवतो. मी भिंतीचा विषय काढतो, तेव्हा शांतपणे सांगतो, "खुंटे तुमी मारल्यात. मी थंयच दोरी लावलंय." आधी का बोलला नाहीस, असं मी विचारतो. मी ऐकून घेतलं असतं का, एवढंच तो उलट विचारतो. परत येऊन मी स्वतः मापं घेतली. भिंतीच्या आखणीचे खुंटेच मी तिरके मारले होते; चूक माझीच होती.

एवढं कळल्यावर नुसतं त्याच्या घरी बोलून भागणार नव्हतं. चारचौघांत अपमान केला होता, म्हणून चारचौघांतच बोलायला हवं होतं. मी घरी जाऊन आलो म्हणून म्हातारा दुसऱ्या सकाळी गड्यांसह कामावर आला. सगळे जमल्यावर मी म्हटलं, "खुंटे मियाच चुकीचे मारलंय. ह्येंची चूक नाय." कामावर मी मालवणी बोललो ते पहिल्यांदाच. म्हाताऱ्याने थापी काढली आणि भिंत नव्याने बांधायला तिचा वरचा दगड स्वतःच्या हाताने उतरवला. त्यानंतर कोणाला हाक मारावी लागली नाही. माप चुकलं की गडी सरळ माझ्याकडे येऊन सांगायचे, आणि पाऊस लागायच्या आठ दिवस आधी भिंत पुरी झाली.

पुढे मी मोठी धरणं बांधली, शेकड्यांनी माणसं सांभाळली. चूक दाखवायची ती कामाची, तीही एकट्याला बाजूला घेऊन. आणि आपली चूक मात्र सगळ्यांसमोर कबूल करायची. याच रीतीने मी काम केलं, आणि माझ्या कामावरून माणसं सहसा सोडून गेली नाहीत. हे मी अभिमानाने सांगतो.

फक्त एक आहे, आबा. नव्या पोरांना ही गोष्ट सांगताना मी दरवेळी म्हणत आलो की, नांदगावला जायचं माझ्याच मनात आलं. तुमचं नाव मी एकदाही घेतलं नाही. हे पत्र तुमच्या मुलाला द्यावं म्हणून लिहायला घेतलं होतं. अजून तेवढा धीर होत नाही.