बालबेकला जाणार

१२ मार्च २००६, नोव्हाय, अमेरिका
नादियाने आज लायब्ररीत विचारलं, "जुलैत मी माहेरी जातेय, बालबेकला. येतेस?" इंग्लिशच्या क्लासमधली मैत्रीण. आम्हा दोघींचं इंग्लिश यथातथाच, पण एकमेकींना बरोबर कळतं. मी नागपूरला शाळेत जन्मभर रोमन साम्राज्य शिकवलं, तेही पुस्तकातल्या काळपट चित्रावरून. आणि ही बाई लहानपणी तिथल्या खऱ्या रोमन देवळाच्या खांबांआड लपाछपी खेळलेली! हो म्हणून टाकलं. विचारबिचार घरी आल्यावर.

१९ मार्च
जेवताना निखिलला सांगितलं. हातातला घास तसाच. "आई, लेबनॉन? सीरियसली? रोमन देऊळच बघायचंय ना, मग रोमला नेतो. नेक्स्ट समर."
नेक्स्ट समर गेली तीन वर्षं ऐकतेय. म्हटलं, "मला कोणी न्यायचं नाहीये. मी जातेय."
सून रश्मी माझ्या पानात पोळी वाढताना गालात हसली. एक मत मिळालं.

२ मे
देवळाच्या पायऱ्या फार उंच आहेत म्हणे. मॉलमध्ये जिना चढउतार सुरू केलाय. शेजारी एस्कलेटर चालू आणि ही साडीवाली बाई कठडा धरून जिन्यावर. लोक बघतात. बघोत.
ईशा: "आजी, आर यू इन ट्रेनिंग?" हो गं बाई.
डावा गुडघा कुरकुरतो. शेकलं.

१४ जुलै
बैरूतच्या विमानतळावर बाँब पडले. विमानं बंद. आमचं तिकीट पुढच्या आठवड्याचं.
निखिलने लगेच तिकीट कॅन्सल करायला फोन लावला. 'बघ, सांगितलं होतं' म्हणाला असता तर बरं झालं असतं.
वरणभाताचा डबा घेऊन नादियाकडे गेले. टीव्ही अरबीत. तिची बहीण सल्मा तिकडेच, बालबेकला. फोन लागत नाही. नादिया सारखी तोच नंबर फिरवत होती. डबा तसाच राहिला.

९ ऑगस्ट
सल्मा सुखरूप! डोंगरात नवऱ्याच्या गावी होती. पण माहेरचं घर बाँबमध्ये गेलं. काहीच उरलं नाही.
नादिया म्हणाली, "देऊळ उभं आहे." मला बरं वाटावं म्हणून सांगते असं वाटलं. मग तिचा चेहरा पाहिला. संतापलेली. हजारो वर्षांचे दगड जागच्या जागी, आणि आईचं स्वयंपाकघर...
आता देवळाचा विषय काढायचा नाही.

२२ एप्रिल २००७
विषय तिनेच काढला. क्लास सुटल्यावर, पार्किंग लॉटमध्ये.
"जिना चालू आहे का?"
बंद केला होता. तसं सांगितलं.
"मग चालू कर. लोक यायचे थांबले तर गावात राहील काय?"
उद्यापासून चालू.

११ मे २००८
जूनचं तिकीट होतं, तेही कॅन्सल. बैरूतमध्ये गोळीबार, विमानतळाचा रस्ता अडवलेला.
निखिल: "आई, ही साइन समज ना."
"साइनबिइन काही नाही. रस्ता बंद आहे. उघडेल." जरा जोरातच बोलले. ईशा घाबरली बिचारी.

२० सप्टें.
रस्ता केव्हाच उघडला. ऑक्टोबरची दोन तिकिटं आली. आणि आज नादिया म्हणते, "तू जा. मी नाही येत."
का, विचारलं. चहा ढवळत म्हणाली, "देवळाकडे जाताना आमची गल्ली लागते. ती रिकामी जागा मला बघवायची नाही."
समजावलं नाही.
अरबीचं अक्षर येत नाही मला. पण सल्मा न्यायला येणार आहे, तिच्याकडेच राहायचं. मी जाणार. नादिया तिचं तिकीट कॅन्सल करायला निघाली होती. म्हटलं, राहू दे गं. एवढंच.

५ ऑक्टो.
निखिल गराजमध्ये माझी बॅग पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "बाबा गेले तेव्हा मी इथे होतो, आई. फ्लाइट मिळून पोचेपर्यंत सगळं उरकलेलं. म्हणून बोलतो मी."
मला इतके दिवस वाटायचं, याला मी म्हातारी वाटते.
जवळ बसले. "रोज फोन करीन."
"रोज नाही, पोचल्या पोचल्या. आणि सल्मामावशींचा नंबर दे मला."
सल्मामावशी! न पाहिलेल्या बाईला.

१२ ऑक्टो., सकाळ
निघायचा दिवस. गुडघ्याचा पट्टा घेतला, मेतकूट घेतलं, सल्मासाठी नागपूरची ओढणी. भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू. पण पाय तयार आहेत. निखिल गाडी काढतोय.
आत्ता खिडकीतून दिसलं, नादिया फुटपाथवरून येतेय. ठेवणीतला कोट घातलाय. हातात मोठी बॅग. सल्मासाठी काही पाठवतेय, की स्वतःच...
दार उघडते.