घंटा न वाजलेला रविवार

१२ मार्च, गुरुवार

बाबांनी माझ्याबरोबर यायला होकार दिला. अखेर! वाद नाही, आवाज नाही. "तू म्हणतेस तसं करू." एवढंच.

माझी बदली एक तारखेपासून. तिथल्या घरात दोन खोल्या आहेत, आणि बाबांचा लेआउट, म्हणजे टेबलावर मांडलेली त्यांची छोटी रेल्वे, बारा फुटांचा. तो तिथे मावत नाही. बाबा मावतात.

लेआउटला जागा एकच — छोट्या रेल्वेवाल्यांच्या क्लबची खोली. यंदा ते एक लेआउट कायमचा ठेवून घेणार आहेत. अट अशी की प्रदर्शनाच्या शनिवार-रविवारपैकी निदान एक दिवस गाडी एकदाही रुळावरून घसरता कामा नये. नाहीतर सोमवारी आपापला माल उचला. आमच्या बाबतीत उचलणं म्हणजे मोडणं. हे मी बाबांना स्पष्ट सांगितलं.

"बरं," म्हणाले.

आई असती तर तिनं हे जास्त गोड शब्दांत सांगितलं असतं. पण सांगितलं हेच असतं. डॉक्टरांनी शंका ठेवलेली नाही — नजरेचा मधला भाग गेला, कडा तेवढ्या उरतील. बाबा एकटे राहू शकत नाहीत. हे माझं मत नाही, निष्कर्ष आहे.

१३ मार्च, शुक्रवार

कामावरून आले तर बाबा गाड्यांची चाकं पुसत बसलेले. दिवसभर तेच चाललं होतं म्हणे. "चारचौघांत जायचं, आंघोळ नको घालायला?"

रमलेत. बरं वाटलं.

१४ मार्च, शनिवार

वाईट दिवस.

प्रदर्शनाचा हॉल शाळेचा. बास्केटबॉलच्या रेघांवर टेबलं मांडलेली, छतावरच्या नळ्यांचा पांढरा उजेड, वॉर्निशचा वास. या लोकांसमोर 'खेळण्यातली रेल्वे' म्हटलं की संपलंच. खऱ्या रेल्वेचं प्रत्येक माप शहात्तरपट लहान करायचं — रुळांमधलं अंतर, चाकाची जाडी, सगळं. खेळण्याची चाकं जाड असतात, रुळाची चूक पोटात घालतात. आमची घालत नाहीत.

प्रत्येक टेबलावर एक घंटा. गाडी घसरली की ज्याची त्यानं वाजवायची. कोणी पाहिलं नसलं तरी वाजवायची. मग अख्खा हॉल टाळ्या वाजवतो. इथली रीत.

दहाला गाडी सोडली. पहिल्याच सांध्यावर, जिथे रुळाला दुसरा फाटा फुटतो तिथे, इंजिन चढलं आणि आडवं. बाबांनी लगेच घंटा वाजवली. टाळ्या. पुन्हा ठेवलं, पुन्हा आडवं. दुपारपर्यंत लोक आमच्याकडे वळूनही बघेनात, नुसत्या टाळ्या वाजवत होते.

"काय रे, आज शाळा भरवलीस का?" शेजारच्या टेबलावरचे घड्याळकाका ओरडले. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, बाबांचे जुने मित्र.

"तास संपला की सांगतो," बाबा म्हणाले. हसले! मला हसू आलं नाही.

अध्यक्ष येऊन उभे राहिले. दातांचे डॉक्टर आहेत. सांध्याकडे किडकी दाढ बघावी तसं बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्याचा दिवस आहे अजून. पण ताई, मनाची तयारी ठेवा."

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. बाबा घड्याळकाकांबरोबर चहाला गेले. मी मोजलं. सांधा निर्दोष — बाबांनी तो डोळे चांगले असताना बांधलाय. दोष चाकांत. एका आसावरच्या दोन चाकांमधलं अंतर कमी. पितळेचा एक लहान ठोकळा असतो, तो मध्ये धरून हे अंतर पक्कं करतात. प्रत्येक जोडी दोन दशांश मिलिमीटर आत गेलेली. काल 'आंघोळ' घालताना दाबली गेली असणार. डोळे. दुसरं काय!

बाबांच्या पेटीतला ठोकळा काढला, तपासला. बरोबर होता. सगळ्या जोड्या त्यावर लावून घेतल्या. हात पुसले. बाबांना सांगायचं नाही. आपल्या हातून चाकं बिघडली हे कळलं तर पुन्हा हत्यार उचलणार नाहीत.

१५ मार्च, रविवार

एकदाही नाही. दिवसभरात एकदाही नाही!

पहिली गाडी सांध्यावरून पाण्यासारखी गेली. बाबा पुढे वाकले. कडेनं दिसावं म्हणून मान तिरकी करून बघतात हल्ली. दुसरी गाडी गेली, तिसरी गेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इन्स्पेक्टर, चाकांना हात लावलास?" मापं तपासायची नोकरी लागल्यापासून मला हेच म्हणतात.

"नाही, बाबा."

"मग बरं."

त्यानंतर दिवसभर घंटेजवळ हात ठेवून बसले. जेवायलाही उठले नाहीत. माणसं येत होती, पाठ थोपटत होती. घड्याळकाका म्हणाले, "काल नाटक केलंस होय रे, भाव वाढवायला?" बाबा म्हणाले, "जमलं नाही बघ."

पाचला अध्यक्षांनी आमची घंटा उचलून सगळ्यांना दाखवली. "गंजली वाटतं!" टाळ्या — आज खऱ्या. लेआउट क्लबचा झाला. तिथेच खाली क्लबची खोली आहे, तिच्यात नेला, पाय जमिनीला स्क्रूनं पक्के केले. बाबांनी स्क्रू एकेक करून हातात दिले.

घरी येताना डोळे मिटून बसले. थकले असतील. मला वाटतं, सुटल्यासारखंही वाटलं असेल.

घरमालकांना फोन केला. महिनाअखेरीस रिकामं करतो म्हणून.

१६ मार्च, सोमवार

प्रयोगशाळेत एका कारखान्याचा अहवाल आला. वीस भाग, वीसही एकाच अंतरानं चुकलेले. शेरा लिहिला: हाताची चूक विखुरते. ही विखुरलेली नाही. चुकीचं माप बनवून त्यावर काम केलेलं आहे.

पेन तिथेच थांबलं.

प्रत्येक जोडी दोन दशांश. प्रत्येक! पेटीतला ठोकळा बरोबर होता. म्हणजे बाबांनी दुसरा बनवला — डोळ्यांशिवाय, बोटांनी घासून. नापास होऊन लेआउट घरी आणायला. मोडायला मी कितीही सांगितलं असतं तरी त्यांनी तो मोडू दिला नसता, आणि तो असेपर्यंत घरही सोडलं नसतं.

नुसत्या बोटांनी दोन दशांश साधणारा माणूस एकटा राहू शकत नाही, हा माझा निष्कर्ष होता.

घरी आले. बाबा आईच्या काचेच्या बशा कागदात गुंडाळत होते. "आलीस? हे एवढं झालं की कपाट."