गोळी कोणी लिहून दिली?

दहिसर, बुधवार
(दुपारी, पेशंट नसताना)

मुलुंडभूषण, रोग्यांचे तारणहार डॉ. रतन गजभिये यांस दहिसरच्या डॉ. धाकू परबाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे खुर्चीत बसूनच).

रतन्या, जय भीम! कसा आहेस? राधावहिनींची साखर काय म्हणते? तुझं पोट कमी झालं की अजून शर्टाच्या बटणांशी भांडतंय? आमच्याकडे सगळं क्षेम. मी एकदम ठणठणीत. पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण हल्ली मोबाइल हातात घेतला की माझं डोकं फिरतं. हे पत्र सुशांत आणून देईल. (सुशांत म्हणजे तो औषध कंपनीचा एमआर, तुझ्याकडेही येतो तोच. दहिसरहून मुलुंडला आपणहून जाणारा माझ्या ओळखीतला एकमेव माणूस.)

तर झालं असं, की आमचे चिरंजीव निलेश दवाखान्यात स्टेपलरच्या पिना शोधायला आले आणि त्यांनी माझ्या टेबलाचा खालचा खण उघडला. तो खण तुला माहीत आहे, तुझ्याकडेही असणार. गोळ्यांची फुकट सॅम्पलं, प्रत्येकावर ‘विक्रीसाठी नाही’ छापलेलं. त्याने विचारलं, बाबा, तुमची बीपीची गोळी कुठली? म्हटलं, यातलीच. म्हणाला, यातली कुठली? आता हा काय प्रश्न झाला? सुशांत आला की त्याच्या कंपनीची गुलाबी, तो फिरकला नाही तर दुसऱ्याची पांढरी, आणि दोघंही गायब असले तर गोळीला सुट्टी! (एवढं काय, पेशंटला मी असं कधी देत नाही. मी स्वतः डॉक्टर आहे ना, मला चालतं.) पोरगा पांढराफटक पडला. मग त्याने फर्मान काढलं. त्याच्या कंपनीच्या विम्यात आईबाप बसतात, औषधांचे पैसे परत मिळतात, त्यासाठी ॲपवर चिठ्ठी चढवायची. कोणी लिहून दिली, त्याचा नोंदणी क्रमांक काय, कुठली गोळी, किंमत किती, सगळं भरायचं. महिनाअखेरपर्यंत चिठ्ठी पास झाली तर ठीक. नाही झाली तर माझा दवाखाना बंद आणि मी मोठ्या हॉस्पिटलात, मागून नाड्या बांधायचा तो हिरवा झगा घालून. रतन्या, त्याने शटरसाठी कुलूप विकत आणलंय रे! मला दाखवलंसुद्धा!

मग काय, बसलो भरायला. किंमत? खरं तेच लिहिलं, शून्य. ॲप लाल झालं. म्हणे रक्कम शून्यापेक्षा जास्त हवी. एक रुपया टाकला, तर म्हणे बिल जोडा. सुशांतला म्हटलं, बाबा रे, सॅम्पलचं बिल फाड. तो हात जोडून म्हणाला, सर, माझी नोकरी जाईल. शेवटी गेलो आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या भाऊरावकडे, म्हटलं गुलाबीवाल्याचं एक पाकीट दे. ज्याचं दुकान माझ्या चिठ्ठ्यांवर चाललं, त्या माणसाने मलाच विचारलं, डॉक्टर, चिठ्ठी? मी म्हटलं, कोणाची? तो म्हणाला, तुमच्या डॉक्टरची! दुकानात चार माणसं उभी होती, सगळी हसली. वर गोळीची किंमत ऐकली आणि माझं बीपी तिथल्या तिथे वाढलं असणार. आपले पेशंट अर्धं पाकीट का मागतात ते मला त्या काउंटरवर समजलं.

तरी हरलो नाही. चिठ्ठी माझी मीच लिहिली. लिहून देणारा धाकू परब, पेशंट धाकू परब. ॲप पुन्हा लाल! लिहून देणारा आणि घेणारा एकच चालत नाही म्हणे. अरे, का चालत नाही? इतकी वर्षं चाललंच ना! मी फोनवर ओरडत होतो तेवढ्यात आमची विमला चहा घेऊन आली आणि म्हणाली, माझं नाव घाला. रोज सकाळी गोळी तुमच्या हातावर मी ठेवते, मी विसरले तर तुम्ही घेता काय? मी म्हटलं, तुझा नोंदणी क्रमांक काय? तर म्हणाली, ‘गप रवा, लग्नपत्रिका जोडा.’ खरं बघायला गेलं तर कुठली गोळी घ्यायची हे ठरवतो सुशांत, म्हणून शेवटी त्याचं नाव टाकून पाहिलं. पण पदवीच्या रकान्यात बी.कॉम. सापडेना.

मग समोरच्या टॉवरमधल्या डॉ. तेजलकडे गेलो. ही तेजल लहानपणी माझ्याकडे इंजेक्शनला यायची, तीन माणसं धरायला लागायची आणि तरी माझा चष्मा फोडून जायची. आता एसीत बसते. काका, काका करत उठून उभी राहिली पोर, झकास वाटलं. कुठली गोळी घेता, म्हणून विचारलं. मी खिशातून सगळी सॅम्पलं काढली. तिने ती टेबलावर रमीच्या पानांसारखी लावली आणि एकेक उलटून पाहिलं. त्यातली एक जंताची निघाली रे! ती हसेल असं मला वाटलं होतं, पण ती बीपीचा पट्टा घेऊन आली. मी म्हटलं, पोरी, मला फक्त सही पाहिजे. ती म्हणाली, आधी हात पुढे करा. तेवढ्यात मला दवाखान्यात एक अर्जंट पेशंट आठवला (नव्हता) आणि मी सटकलो. गोळ्या तिच्या टेबलावरच राहिल्या.

म्हणून तुझी आठवण झाली. म्हणजे सहजच. वहिनींना नमस्कार, नातवंडांना गालगुच्चे, आणि मधूनमधून दहिसर नावाचं गाव मुंबईतच आहे हे आठवत जा.

तुझा होस्टेलपासूनचा छळवादी,
धाकू

ता. क. – तू मला एक चिठ्ठी ॲपवर लिहून दे. नाव तुझं, क्रमांक तुझा, गोळी गुलाबी. बिल मी आणतो. तपासायची काही गरज नाही, तू मला ओळखतोस.

ता. क. २ – वरचं खोडलं असं समज. तपासल्याशिवाय लिहून दिलंस तर दोस्ती संपली. हल्ली मी माझं बीपी मोजतो ते मनासारखा आकडा येईपर्यंत मोजत राहतो. परवा दवाखान्याचं शटर उचलायला वाकलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, तसाच पायरीवर बसून राहिलो. लोकांना वाटलं डॉक्टर हवा खातायत. घाबरलोय रे रतन्या. म्हणून तेजलला हात दिला नाही. मी रविवारी एकटाच येतो, तू मोज. तू म्हणालास दवाखाना बंद कर, तर करीन. दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाही. विमलाला पायरीचं काही माहीत नाही, तिला सांगू नकोस.

(खालचं अक्षर माझं आहे, विमलाचं.)
भाऊजी, पाकिटाला डिंक लावायला हे माझ्याकडेच देतात. पायरीवर बसले होते तेव्हा मी समोर भाजी घेत होते. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. रविवार नको. सुशांतला आज संध्याकाळीच तुमच्याकडे धाडते, आणि उद्या सकाळी आम्ही दोघं येतोय. यांना अजून सांगितलेलं नाही, रिक्षात बसवल्यावर सांगेन.