दोन काठ्यांचे पाय

तीर्थस्वरूप फुसाएताईस,

कियोनोचा वाकून नमस्कार (वाकता येतंय तेवढंच). तिकडे भाताची कापणी आटोपली असेल, तुझा खोकला उतरला असेल आणि भावोजींची सकाळची कुरकुर थोडी कमी झाली असेल, असं धरून चालते. माझी तब्येत विचारूच नकोस. पायाला फोडांवर फोड आलेत. परवा एका देवळात घंटेची दोरी ओढायची सोडून मी तिला लोंबकळून उभी राहिले, इतकी दमलेय.

तेव्हाच ठरवलं होतं, आता बस, मग बोट, मग घर. शिकोकू बेटावरची, दाइशी महाराजांच्या देवळांची ही यात्रा आम्ही नवराबायकोने पायी करायची, असं तोकुजी जन्मभर म्हणत राहिले आणि निवृत्त होताच स्वतः एकटेच वर निघून गेले. त्यांच्या वाटचे डोंगर मी एकटीने का तुडवायचे? तूच सांग. (नको सांगूस. काय म्हणशील ते ठाऊक आहे.)

तर काल दुपारी वाटेत एक एवढंसं देऊळ लागलं. यात्रेच्या मुख्य देवळांत त्याची गणतीही नाही. छपरावर शेवाळ, आणि पायरीवर तिथल्या भिक्षूची आई, उमेयोआजी, टपून बसलेली. यात्रेकरूला दिलेलं दाइशी महाराजांनाच पोचतं, म्हणून यात्रेकरूला नाही म्हणायची सोय नाही, हे तुला माहीतच आहे. इथल्या म्हाताऱ्यांना तर जरा जास्तच माहीत आहे. उकडलेलं रताळं झालं. संत्री झाली. मुळ्याचं लोणचं झालं. मग एक अख्खा भोपळा! मी म्हटलं, "आजी, पाया पडते, आता पुरे. मी उद्या बसने घरी चाललेय."

"चाललीस? अगोबाई, थांब थांब!" म्हणत म्हातारी आत पळाली (नव्वदीला टेकलीय, पण माझ्यापेक्षा बरी पळते) आणि एक झिजलेली यात्रेची काठी घेऊन आली. "आमच्या ह्यांची. यात्रा अर्धी राहिली आणि गेले बघ. एवढी शेवटच्या देवळापर्यंत ने."

"अहो पण मी घरी..."

"दान आहे," असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

आता कर काय करतेस! काठी म्हणजे साक्षात महाराज, त्यामुळे मुक्कामी पोचलं की आपल्या आधी तिचे पाय धुवायचे. माझी एक होतीच. काल माझे स्वतःचे पाय ठणकत असताना मी दोन काठ्यांचे पाय धुतले, पुसले आणि दोघींना खोलीतल्या मानाच्या कोनाड्यात उभं केलं. धर्मशाळेची मालकीण विचारते, "तुमचे यजमान मागून येताहेत वाटतं?" मी हो म्हणून टाकलं. कोण समजावत बसणार! मग न्हाणीत जाऊन पोटभर रडले. दमल्यामुळे गं, दुसरं काही नाही.

भोपळा तुला टपालाने पाठवलाय. नको म्हणू नकोस, दान आहे.

तुझी,
कियोनो

ता. क. बसचं रद्द केलंय. फोडांवरचं मलम पाठव.

आणखी एक ता. क. मलम राहू दे. आमच्या घरी दाराआड, छत्र्यांच्या मागे, तोकुजींची काठी आहे. केवढ्या हौसेने आणली होती, वरचा कागदसुद्धा काढलेला नाही. येताना मी मुद्दाम तिथेच ठेवली, रागाने. ती पाठव गं ताई, लवकर पाठव. दुसरीच्या नवऱ्याचे पाय मी धुतेय आणि माझा तेवढा दाराआड उभा, हे काही मला सोसवत नाही.