वेष्टनावर नाव नसलेला ड्रमर

३ ऑक्टोबर, रविवार
पार्सल आलं. ओटिस बेलफर्ड आणि हॅल कोवाच. पियानो आणि बेस, बस. दोनच माणसं, शिकागोच्या कुठल्याशा हॉटेलचं तळघर, १९५८. मूळ प्रत माझ्याकडे आहेच, हा नवा रीइश्यू, म्हणजे कंपनीने पुन्हा काढलेली आवृत्ती. तीन प्रती मागवल्या. एक ऐकायला, एक वेष्टनावरच्या कागदी पट्ट्यासकट न फोडता ठेवायला आणि एक लोकांना आवड लावायला.

फुमिए म्हणाली, माणूस एक, कान दोन आणि रेकॉर्डी तीन. अडतीस वर्षं बायको राहिलेल्या बाईला पट्ट्याचं महत्त्व कळत नसेल, तर आता काय सांगायचं.

संकल्प: या वर्षी आणखी खरेदी नाही.

१० ऑक्टोबर, रविवार, दुपार
घाई न करता नीट लिहितो.

रीइश्यू लावला. आवाज जरा मोठा ठेवला, कारण बेस लहान आवाजात ऐकणं म्हणजे सूप वासावर पिणं. दुसरी बाजू, तिसरा तुकडा. आणि मागून ड्रम! खोल, दबलेला, लाकडी. धप्, धप्, मग थांबतो, मग चिडून धपधपधप. तालाच्या किंचित मागे. आधी वाटलं, माझेच कान. पण नाही, तुकडा संपेपर्यंत तो वाजतच होता.

वेष्टनावर दोनच नावं आहेत. मूळ प्रतीत मी हा ड्रम कधीच ऐकलेला नाही. म्हणजे तळघरात तिसरा माणूस होता! कंपनीने त्याला दाबून टाकला, आणि पस्तीस वर्षांनी या रीइश्यूने त्याला बाहेर काढला. आणि तो ऐकला कुणी? मोरिओकाच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या या ओइकावाने.

खिडकीतून पाहिलं तर फुमिए नुसत्या मोज्यांवर बागेतून घराला वळसा घालून येत होती. या वयात मोज्यांवर बागकाम. सर्दी झाली की मलाच ऐकावं लागणार.

११ ऑक्टोबर, सोमवार
फुमिए सकाळपासून फुगलेली. म्हणते, काल तुमचा धिंगाणा सुरू झाला म्हणून मी माझ्या खोलीचं दार सरकवून घेतलं, ते परत उघडेचना. तासभर ठोकत होते, हाका मारत होते. शेवटी खिडकीतून उडी मारली.

मी सांगितलं, मी पूर्ण वेळ घरातच होतो, मला काहीही ऐकू आलं नाही. आणि माझे कान कसे आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

दाराचं कारण उघड आहे. दमट हवा. खालच्या खाचेत मेणबत्ती घासायची की झालं. ती म्हणते, कारण दमट हवा नाही, कारण तुमच्या रेकॉर्डी. त्या बरोबर माझ्या खोलीच्या डोक्यावर आहेत, त्यांच्या वजनाने तुळई खाली आलीय आणि दार दाबलं जातंय. मला तिथे जिवंत पुरल्यासारखं वाटतं. नोव्हेंबर संपेपर्यंत निम्म्या रेकॉर्डी घराबाहेर, नाहीतर मी.

वाक्य अर्धवट सोडायची तिची जुनीच सवय.

ती बाजारात गेल्यावर मूळ प्रत लावली. ड्रम नाही. रीइश्यूही पुन्हा लावला, त्यातही नाही. पण तेव्हा सुई जुनी होती, ते धरता येणार नाही.

१४ ऑक्टोबर, गुरुवार
टोकियोच्या मासिकाला पत्र. आठ पानं. ‘तिसरा माणूस तळघरात होता’ असं शीर्षक दिलं.

कुवाबारासानना फोन केला. हे निवृत्त दंतवैद्य, आमच्या श्रवण मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. म्हणाले, वा वा. मग विचारलं, रविवारी चहा फुमिएसानच करणार ना? दंतवैद्याला जाझची किती समज असणार.

१७ ऑक्टोबर, रविवार
मंडळाची मासिक बैठक. हजर: कुवाबारासान, नूडलवाले सासामोरी आणि मी. एके काळी आम्ही अकरा होतो. लोकांमध्ये शिस्त राहिली नाही. नियम दोनच आहेत. रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही, आणि तांदळाची कुरकुरीत बिस्किटं वर आणायची नाहीत.

रीइश्यू लावला. पाचेक मिनिटांत तो आला! धप्, धप्. मी कुवाबारासानकडे विजयी नजरेने पाहिलं. त्यांनी डोळे उघडले, म्हणजे त्यांनीही ऐकला.

एवढ्यात सासामोरी म्हणाला, अहो ओइकावासान, खाली कुणीतरी दार ठोकतंय. मी ओठांवर बोट ठेवलं. तो जमिनीकडे बोट दाखवून पुन्हा म्हणाला, वहिनी असतील हो. त्याला तिथल्या तिथे ताकीद दिली. नियम म्हणजे नियम. तो तोंड पाडून शौचालयाला म्हणून उठून गेला.

आणि गंमत बघा, जरा वेळात ड्रमर एकदम थांबला. ऐन रंगात! थांबायचं कधी हे कळणं, हीच तर खरी कला.

सासामोरी परत आलाच नाही. बैठक संपवून खाली गेलो, तर हा फुमिएच्या खोलीत बसून बिस्किटं खातोय आणि दोघं जोरजोरात हसतायत. दार चौकटीतून काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. कुवाबारासानही तिथेच बसले. वर बोलायचं नाही म्हणून दोन तास गप्प राहिलेला माणूस खाली तासभर गावच्या गरम पाण्याच्या कुंडाबद्दल बोलला. मला कुणी बस म्हणालं नाही. उभाच होतो.

दार मीच परत बसवलं. दोन तास लागले. मेणबत्ती घासली.

३१ ऑक्टोबर, रविवार
आज काम फत्ते करायचंच, असं ठरवून उठलो. जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात विकायला एक खोकं भरून नेलं. दुकानदाराने किंमत सांगितली. अपमान होता. मी खोकं परत घेतलं. तेवढ्यात कोपऱ्यात बेलफर्डच्या आणखी एका रीइश्यूची पेटी दिसली, पाच रेकॉर्डींची. ती तिथे अनाथासारखी पडली होती. घेऊन आलो.

फुमिएने दारातच दोन्ही खोकी पाहिली. काहीच बोलली नाही. हे चांगलं लक्षण आहे. सवय होतेय तिला.

७ नोव्हेंबर, रविवार
स्वयंपाकघरामागचा बिअरचा रिकामा क्रेट नाहीसा झालाय. शेजाऱ्यांवर लक्ष ठेवायला हवं.

दुपारी पुन्हा चाचणी. ड्रमर आला. पण आज वाजवणं वेगळं होतं. संथ, थकलेलं, दोन ठोके आणि लांब शांतता. म्हातारा असावा बिचारा. आपलं नाव छापलं जाणार नाही हे त्याला वाजवतानाच ठाऊक असावं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. वहीत टिपलं: ‘हा माणूस ऐकणाऱ्यासाठी वाजवत नाही. कुणी ऐकेल ही आशा त्याने सोडलेली आहे.’ हे वाक्य लेखात घालणार. माझं आजवरचं सर्वोत्तम वाक्य.

फुमिए पुन्हा बागेतून आली. या खेपेला सपाता घालून. सांगितलेलं कानावर पडतं तिच्या.

१६ नोव्हेंबर, मंगळवार
मासिकाचं उत्तर! संपादक मिनेगिशीसान पाच डिसेंबरला कामानिमित्त इकडे येणार आहेत, तेव्हा स्वतः येऊन ऐकतील.

धावत खाली जाऊन फुमिएला सांगितलं. ती काकड्यांना मीठ लावत होती. म्हणाली, पाच डिसेंबर म्हणजे नोव्हेंबर संपल्यावर. मी म्हणालो, हो, संपल्यावरच्या पहिल्याच रविवारी. म्हणाली, हाचिनोहेला नोबुएच्या खाणावळीत माणूस कमी आहे, तिचा फोन आला होता. नोबुए तिची धाकटी बहीण. मी म्हणालो, बंदरावर माणसं मिळतात की भरपूर.

मग तिने हात पुसले आणि विचारलं, त्या वरच्या ढिगात माझ्यासाठी आणलेली एखादी तरी आहे का हो? मी म्हणालो, प्रत्येकीची तिसरी प्रत आहे, कुठलीही घे. ती पुन्हा काकड्यांकडे वळली.

२२ नोव्हेंबर, सोमवार
फुमिए कपड्यांची आवराआवर करतेय. हिवाळ्याची तयारी. तिच्या आईने लग्नात दिलेली शिसवी पेटीसुद्धा पुसून काढली. घर नीटनेटकं दिसणं मिनेगिशीसानच्या दृष्टीने बरंच.

निम्म्या रेकॉर्डींचा विषय डोक्यात आहे. विसरलेलो नाही. पाच तारखेनंतर हातात घेतो. आत्ता काही हलवलं तर खोलीचा आवाज बदलेल, ही शास्त्रीय अडचण आहे.

३० नोव्हेंबर, मंगळवार
फुमिए गेली.

टॅक्सी आली तेव्हा मी नवी सुई जोखत होतो. तिने जिन्याखालून हाक मारली. बाजू संपायला दोन मिनिटं होती, म्हणून मी बोट वर केलं, थांब जरा. ते तिला खालून दिसलं नसावं. उतरलो तेव्हा टॅक्सी वळणावर होती.

टेबलावर चिठ्ठी नाही. भात कुकरमध्ये. काकड्या फ्रीजमध्ये. चारेक दिवसांत येईल. पाच तारखेला चहा कोण करणार, हे तिलाही कळतंच की.

५ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ
मिनेगिशीसान आले. कुवाबारासान आले. मोठ्या मनाने सासामोरीलाही बोलावलं होतं. चहा मी केला. कुणी संपवला नाही.

रेकॉर्ड लावली. दुसरी बाजू, तिसरा तुकडा. पियानो. बेस.

पुन्हा लावली. आवाज वाढवला. सुई बदलली. न फोडलेल्या प्रतीचा पट्टा फाडला, ती लावली. आवड लावायची प्रतही लावली. पियानो आणि बेस, दोन माणसं, तिसरं कुणी नाही.

मिनेगिशीसान फार सभ्य आहेत. म्हणाले, हवामानाचाही परिणाम होतो म्हणतात. बूट घालताना त्यांनी माझं आठ पानी पत्र परत दिलं.

मी सासामोरीला धरलं, तू तर ऐकला होतास! तो जमिनीकडे बघत राहिला. म्हणाला, ओइकावासान, त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं. कुवाबारासाननी त्याच्या बाहीला धरून त्याला बाहेर नेलं.

काय सांगितलं होतं? रेकॉर्ड चालू असताना बोलला होता, एवढंच मला आठवतंय. शिस्त नाही.

६ डिसेंबर, सोमवार
हवामानच असणार, असं ठरवून सकाळी पुन्हा लावली. बाहेर बर्फ. मधेच शेगडीतलं रॉकेल संपलं. ते नेहमी फुमिए भरायची, डबा तिच्या खोलीतल्या कपाटात असतो. रेकॉर्ड चालू ठेवून खाली गेलो. ओसरीतून गार वारा येत होता, म्हणून आत शिरल्यावर दार मागे सरकवून घेतलं.

डबा घेतला. दार उघडेना.

एक गोष्ट लिहून ठेवतो. त्या खोलीत पियानो ऐकू येत नाही. अजिबात नाही. नुसता बेस येतो, डोक्यावरून, कुणी जड पावलांनी चालत असल्यासारखा. आणि छत मधोमध खाली आलेलं आहे. मी ते पूर्वी पाहिलं नव्हतं. या खोलीत शेवटचा कधी बसलो होतो, तेही आठवेना. तिची पेटी होती तिथे चटईवर चौकोन उरलाय. मी त्या छताखाली उभा होतो आणि मला भीती वाटली.

दार ठोकलं. मुठीने, मग तळहाताने. हाक मारली. कुणाला मारली कोण जाणे. दोन ठोके मारून थांबलो, कुणी येतंय का ऐकायला. मग राग आला आणि धपधपधप ठोकलं. वर बेस चालूच होता, मी त्याच्या किंचित मागे पडत होतो.

तेव्हा ऐकू आला. खोल, दबलेला, लाकडी.

माझे हात तसेच दारावर राहिले. बाजू संपेपर्यंत मी काही ठोकलं नाही.

मग खिडकी उघडली. जमीन बरीच खाली असेल म्हणून पाय जपून सोडला, तर पायाला काहीतरी लागलं. बिअरचा क्रेट, उलटा, भिंतीला घट्ट लावून ठेवलेला. त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत तिच्या सपाता, जोडीने, भिजू नयेत म्हणून.

माझ्या टाचा बाहेर राहत होत्या. तशाच घालून घराला वळसा घातला.