बठ्ठा म्हणजे कोण?

धुळे,
ता. १० जानेवारी १९८८

प्रिय पुष्पा,

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. घरच्या पत्त्यावर नाही, कॉलेजच्या मानसशास्त्र विभागाच्या पत्त्यावर. वर मायना 'आदरणीय सर', खाली सही नुसती 'पु. म.' आणि मध्ये तीन प्रश्न. गुणारोपण म्हणजे काय, जबाबदारीची विभागणी म्हणजे काय, अनुरूपता म्हणजे काय; पुस्तकातलं मराठी डोक्यात शिरत नाही, टिपणं मिळाली तर उपकार होतील. चार वर्षांनी लेकीचं अक्षर दिसलं आणि तेही परीक्षेच्या तयारीचं. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. मग दुपारच्या तासाला फळ्यावर तारीख घालता घालता डोक्यात प्रकाश पडला. घरी आबांचा मुलगा, तुझा चुलतभाऊ तोताराम राहतो, नोकरी लागल्यापासून. टपाल आधी त्याच्या हातात पडतं. तुझ्याशी येणं-जाणं बंद, पत्रसुद्धा बंद, असं भाऊबंदांनी ठरवलेलं. ते मोडल्याचा बोल मला लागू नये म्हणून तू विद्यार्थिनी होऊन लिहिलंस. माझी पोर माझ्यापेक्षा हुशार निघाली, असं मी पूर्वी मिरवत सांगायचो. आता कोणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही.

एस.वाय. झाल्यावर तू कॉलेज सोडलंस, महावीरशी रजिस्टर लग्न करून जळगावला गेलीस, त्याला आता चार वर्षं होतील. बहिःस्थ म्हणून का होईना, बी.ए. पुरं करते आहेस हे वाचून बरं वाटलं. दुकान, सासू-सासरे, लहान मूल हे सगळं सांभाळून अभ्यासाला कधी बसतेस कोण जाणे. मुलीचं नाव काय ठेवलंत, तेही मला माहीत नाही.

तर गुणारोपण. म्हणजे एखादा असा का वागला, याचं कारण आपण कशाला चिकटवतो ते. दुसरा चुकला की आपण म्हणतो, त्याचा स्वभावच तसा. आपण चुकलो की म्हणतो, परिस्थितीच तशी होती. पुस्तकात परीक्षेत नापास झालेल्या मुलाचं उदाहरण आहे, ते सोडून दे. मी घरचं देतो. तुम्ही दोघं लग्न करून गेलात तेव्हा महावीरच्या वडिलांनी, ज्ञानचंदशेठनी, पंधरा दिवस तुम्हाला उंबरा चढू दिला नाही. मी इथे तावातावाने म्हणत होतो, माणूसच दगड, गादीवर बसून बसून काळजाचं कापड झालंय. सोळाव्या दिवशी तुझ्या सासूबाईंनी, सुगनबाईंनी, स्वतः दार उघडलं आणि शेठ गप्प राहिले. आमचं दार चार वर्षं बंद आहे. पण आमच्याबद्दल मी कधी दगड हा शब्द वापरला नाही. मी म्हणतो, माझा नाइलाज होता. एवढं लिहिलंस तरी पुरे गुण मिळतील.

दुसरा प्रश्न सोपा आहे. एखादं काम एकट्यावर असलं तर तो करतो. दहा जणांच्या देखत पडलं असलं तर प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी करीलच. जबाबदारी अशी वाटून वाटून इतकी पातळ होते, की कोणाच्याच वाट्याला येत नाही. मागच्या वैशाखात तोतारामचं लग्न झालं. तुला पत्रिका आली नाही. ती न पाठवायचं कोणी ठरवलं नव्हतं, हे तुला खरं वाटणार नाही. तुझ्या आईला वाटलं, मी गुपचूप कॉलेजातून टाकीन. मला वाटलं, ती शेजारच्या बाईंच्या हातून टाकेल. तोतारामला वाटलं, काका-काकू काय ते बघतील. लग्नानंतर आठ दिवसांनी माळ्यावर पत्रिकांचं उरलेलं पुडकं ठेवताना आम्ही तिघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. तुझी आई तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून रडली. मी पुडक्याची गाठ नीट बांधली.

तिसऱ्या प्रश्नाआधी थोड्या घरच्या बातम्या. तुझ्या आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. संक्रांतीनंतर ऑपरेशन आहे. ती टाळाटाळ करते. म्हणते, बघायला आहे कोण एवढं. मी दोनदा जळगावला आलो होतो, पेपर तपासण्याच्या कामाला. दोन्ही वेळा तुमच्या दुकानासमोरच्या पानवाल्याकडे उभा राहिलो. मी पान खात नाही हे तुला ठाऊक आहे. एका वेळी दोन खाल्ली आणि सदऱ्यावर डाग पाडून घेतले. दुसऱ्या वेळी गादीवर एक फ्रॉकवाली मुलगी कापड मोजायच्या गजाने ग्राहकांना मारत होती आणि ग्राहक हसत होते. नाक आपल्या घरचं. रस्ता ओलांडायला बारा पावलं लागली असती. मी एस.टी. स्टँडवर गेलो आणि धुळ्याची गाडी धरली.

आता अनुरूपता. चारचौघं म्हणतात म्हणून आपणही तसंच म्हणणं, डोळ्यांना वेगळं दिसत असलं तरी. अमेरिकेतला रेघांचा प्रयोग तुझ्या पुस्तकात असेल. एक रेघ दाखवायची, शेजारी लहान-मोठ्या तीन रेघा, आणि विचारायचं, तिच्याएवढी कोणती. बाकीचे सगळे आधी शिकवून ठेवलेले. ते ठरवून चुकीची सांगतात. खरा माणूस एकच, त्याची पाळी शेवटी-शेवटी. डोळ्यांना लख्ख दिसत असतं, तरी कितीतरी जण सगळ्यांच्या मागे जातात. तू दहावीत होतीस तेव्हा वर्गात करण्याआधी मी हा प्रयोग आपल्या ओसरीवर करून पाहिला होता, आठवतं? माझे पाच विद्यार्थी ओळीने बसलेले, पाचही जण एकसुरात चूक सांगत होते. तू चहा घेऊन आलीस. तुला विचारलं. तू ट्रे हातात धरूनच म्हणालीस, दुसरी रेघ, आणि बठ्ठ्यांना चष्मा लागलाय. मी वहीत लिहिलं, 'पु., वय १५, बधली नाही.' ती वही अजून माझ्या टेबलात आहे.

'बठ्ठा', म्हणजे सगळे, या आपल्या अहिराणी शब्दाचा मला केवढा राग होता, तेही तुला आठवत असेल. वर्गात कोणी म्हणालं, सर, बठ्ठा असंच म्हनतस, की मी त्याला उभं करायचो. बठ्ठा म्हणजे कोण? नावं सांग. पोरगं दोन नावं सांगायचं, तिसऱ्याला अडखळायचं, वर्ग हसायचा. मी म्हणायचो, बघा, बठ्ठा नावाचा माणूस पारोळ्यापासून साक्रीपर्यंत कुठे राहत नाही, तरी सगळा खानदेश त्याला भिऊन असतो. मुलांना हे वाक्य आवडायचं. मलाही आवडायचं, म्हणून दरवर्षी टाळ्या घ्यायचो.

तुझ्या लग्नानंतर आबांनी गावी अंगणात बैठक बोलावली. तिच्याआधी चार दिवस मी गावातच होतो, आणि भाऊबंदांपैकी एकेकट्याला गाठून बोललो. नथ्थू विहिरीवर भेटला. म्हणाला, मनं काय जास मास्तर, पोर सुखी राह्यनी म्हंजे झायं. पन बठ्ठा काय म्हनतीन? उखर्डू गाडीला बैल जुंपत होता, त्याचंही तेच. लोटनकाकांनी तर तुझ्यासाठी लुगडं घेऊन ठेवतो म्हणून सांगितलं. धुरपदाआक्कांना बैठकीत जागा नव्हती, पण त्याही म्हणाल्या, मारवाड्याचा असो की कोणाचा, दारू तर पीत नाही ना. खुद्द आबा म्हणाले, माझ्या एकट्याच्या मनावर असतं तर मी काही धरून बसलो नसतो. बैठकीला बसायचे आम्ही अकरा जण. मला सोडून दहा, त्यातले नऊ एकांतात तुझ्या बाजूने. मी डायरीत टिंबं मांडली होती. मानसशास्त्राचा प्राध्यापक ना मी, सर्वेक्षण करून बैठकीला गेलो होतो. अंगणात शिरताना मी खुशीत होतो, पुष्पा. ही चूक माझ्याकडून तरी व्हायला नको होती. नऊ माणसं वेगवेगळी हो म्हणाली म्हणजे एकत्र बसून हो म्हणतील, असं मी धरून चाललो, आणि तसं होत नाही हे तर मी वीस वर्षं शिकवत होतो.

आपल्याकडे अशा बैठकीत हात वर करत नाहीत, ते तुला माहीत आहे. सुपारीच्या खांडांचं ताट फिरतं. आबा गोष्ट मांडतात. ज्याला मान्य तो एक खांड उचलतो, नसेल तर ताट तसंच पुढे सरकवतो. एकाने जरी सरकवलं, तरी गोष्ट पुढच्या बैठकीवर जाते. आबांनी मांडलं, येणं-जाणं बंद, पत्र बंद, सुख-दुःखाला बोलावणं बंद. मग म्हणाले, बठ्ठासनं म्हननं तेच शे, मंग मी एकला काय करू? कोणीच तोवर तोंड उघडलं नव्हतं. ताट निघालं. पहिलं खांड स्वतः आबांनीच उचललं. मग उखर्डूने खाली बघून एक घेतलं. नथ्थूने उखर्डूकडे बघितलं आणि घेतलं. पुढचं तुझ्या आईने तुला त्या वेळी कळवलंच होतं. बापाला काय विचारायचं म्हणून ताट मला वगळून पुढे गेलं, आणि तुझा बाप नुसता बसून राहिला.

त्यावर तुझं शेवटचं पत्र आलं होतं आईला. ते माझ्याकडे आहे. 'नानांना विचारलं नाही हे एका परीने बरंच झालं. विचारलं असतं तर त्यांनी ताट सरकवलं असतं आणि गावात एकटे पडले असते. त्यांना सांग, मी रागावलेली नाही.' हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. ज्या दिवशी फार जड होतं त्या दिवशी ते वाचवत नाही, तरी वाचतो.

मागच्या आठवड्यात लोटनकाका छातीचा फोटो काढायला धुळ्याला आले होते, आपल्याकडेच उतरले. सकाळी चहाला बसलो असताना, काही विषय नसताना, बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून म्हणाले, मी तुना हातकडे देखी राह्यंतू, मास्तर. माझ्या हाताकडे बघत होते? मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी तुझ्या आईकडे बघितलं. ती मोरीवर भांडी घासत होती. तिला ऐकू गेलं नाही.

आणि शुक्रवारी विद्यापीठाचा फॉर्म आला, परीक्षकाचा, दरवर्षी येतो तोच. माझा कोणीही जवळचा नातेवाईक या परीक्षेस बसलेला नाही, अशी हमी द्यावी लागते. या वेळी ती ओळ खोडून मी लिहिलं, 'मुलगी बसली आहे.' परीक्षकपद गेलं, त्याचं काही नाही. आमचा क्लार्क रतिलाल, जो तीन वर्षं रोज माझ्यासोबत चहा पितो, त्याने फॉर्म वाचून विचारलं, सर, तुम्हाला मुलगी आहे? मी म्हटलं, आहे. त्याने शिक्का मारला. चार वर्षांत तुझ्यासाठी मी केलेलं एवढंच एक काम आहे, आणि तेही सरकारी कागदावर.

दोन प्रश्नांची टिपणं सोबत आहेत. तिसऱ्याचं टिपण मी तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं, म्हणून हे पत्र. पुष्पा, ताट मला वगळून गेलं नव्हतं. ते माझ्यासमोर आलं. मी दहावा होतो आणि माझ्यानंतर फक्त लोटनकाका. नऊ जणांनी उचललेलं. ताटात दोन खांडं होती. मला समोर लख्ख दिसत होतं कोणती रेघ खरी ते, आणि एकाने सरकवलं की सगळं थांबतं हेही तोंडपाठ होतं. मी एक खांड उचललं. चघळलं नाही, खिशात ठेवलं, जणू त्याने काही फरक पडतो. घरी येऊन तुझ्या आईला ती ताटाची गोष्ट रचून सांगितली, तिने विश्वासाने तुला लिहिली, आणि तू मला माफसुद्धा करून टाकलंस. एवढे दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो, की नऊ जण गेल्यावर माझ्या एका खांडाने काय होणार होतं. लोटनकाकांनी त्या सकाळी ते हाताचं बोलणं पुरं केलं. तू ताट सरकाई देशी आसं वाटनं, मंग मी बी सरकाई देतू. तू खांड उचलं, मंग मी बी उचलं. तुझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही. ऑपरेशन होऊ दे असं म्हणतो, पण ते निमित्त आहे हे मला कळतं. आबांकडे जाऊन परत बैठक बोलवा म्हणायला पाहिजे, तेही कळतं, आणि एस.टी.त बसलो की पुढच्याच थांब्यावर उतरतो. हे वाचून तू परत पत्र लिहिणार नाहीस, तरी हे पोस्टात टाकणार आहे. पेपरात उदाहरण मागितलं तर हेच लिही. आणि कोणी विचारलं, बठ्ठा म्हणजे कोण, तर दहा नावं शोधत बसू नकोस. माझं एक लिही.

तू अजून मानत असशील तर तुझाच,
नाना