मिक्सरच्या भांड्यातली बाजरी

चिकटपट्टी कापली आणि आत काहीतरी घरंगळलं, आई. खोका मी सरळ धरला होता, तरी ते एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलं आणि थांबलं. मी पट्ट्या उघडत राहिलो. वर हिंदी वर्तमानपत्राचा एक बोळा होता. त्याखाली मिक्सर, आडवा, अंगावर काहीही नाही. पांढऱ्या प्लास्टिकचा खालचा कोपरा निघून आला होता. पुढचं फिरवायचं बटण सुटं झालं होतं. घरंगळत होतं ते तेच. वरची काळी चकती, जिच्यावर भांडं बसतं, तिचे तुकडे तळाशी पडले होते. स्टीलच्या भांड्याला पोचा आला होता, मूठ तुटली होती, झाकणाला आरपार चीर गेली होती. बिस्किटांच्या मोठ्या खोक्यात त्याला असंच टाकून कुणीतरी दिल्लीहून नगरला पाठवलं होतं.

"आला का तुमचा पाहुणा?" बायको आतून म्हणाली. बाहेर येऊन तिने खोक्यात डोकावलं. "अहो, ह्याला तर आधी प्लास्टरच घालावं लागेल."

तिला मी चटणीसाठी मागवतोय असं सांगितलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "चटणीला घरात मिक्सर नाही का? तुम्ही कधी शेंगदाणे तरी भाजलेत?" मी नाही म्हणालो होतो, आणि तरी मागवला होता.

आता वस्तू फोनवर बघून मागवतात, आई. नव्या मागवतात तशा जुन्याही मागवतात. लोकांच्या माळ्यावरचं, भंगारातलं गोळा करून, पुसून, फोटो काढून विकणारे आहेत. मी कित्येक महिने असे फोटो बघत होतो. अगदी तुझ्यासारखाच मिक्सर मला फोटोत लगेच ओळखू आला. पांढरा, खाली तांबड्या रंगाची पट्टी, पुढे एकच गोल बटण. देवळालीला तुला नर्स म्हणून मिळालेल्या क्वार्टरमध्ये तुझा मिक्सर ओट्याच्या डाव्या टोकाला असायचा आणि चालू केला की पुढे सरकायचा, म्हणून तू एक हात वर ठेवून दुसऱ्या हाताने त्याला मागे धरायचीस. फोटोखाली लिहिलं होतं, चालू स्थितीत. मला तेवढंच हवं होतं. तो चालू व्हायला हवा होता, एकदाच.

विकणाऱ्याला फोन लावला. आम्ही नीट पाठवला होता, तो म्हणाला, वाटेत आपटला असेल, परत करायचा तर उद्या सकाळी माणूस येईल, त्याच खोक्यात भरून ठेवा. मी खोका स्कूटरवर ठेवून केडगावला गेलो, आत्याच्या जुन्या घराच्या कोपऱ्यावर पंखे-मिक्सर दुरुस्त करणारा एक जण बसतो त्याच्याकडे. त्याने मिक्सर उलटा केला, दांडा बोटाने फिरवला, तो अर्ध्यात अडकला.

"दांडा वाकलाय, साहेब. चालू केला तर जळंल."

"एकदाच चालू करायचाय."

"एकदाच जळंल." तो हसला. "ह्याचं सामान आता कुठं मिळायचं? दुसरा घ्या की."

"हाच पाहिजे."

"का? ह्यात कुनाचं सोनं दळायचंय?"

मी तो परत खोक्यात ठेवला. येताना तो प्रत्येक खड्ड्यात आत आपटत होता आणि मी स्कूटर हळू करत होतो, जसं काही अजून वाचवण्यासारखं काही होतं.

कशासाठी पाहिजे होता ते बायकोला सांगितलं नाही, त्या माणसाला सांगितलं नाही. तुला सांगतो.

वडील जाऊन दीडेक वर्ष झालं होतं. आपण दोघंच होतो. तुझी बदली खर्ड्याला झाली होती. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर तुला म्हणाल्या होत्या की तिकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी, जपून जा. मी सातवीत. वडील होते तेव्हापासून तुझ्या बदल्यांमागे मी शाळा बदलत आलो होतो, आणि दर वेळी नव्या वर्गात उभं राहून नाव सांगायचं, आडनाव सांगायचं, आणि मग मास्तरांनी एकदा वरपासून खालपर्यंत बघायचं, ह्याचा मला कंटाळा आला होता. कंटाळा हा शब्द मी आता वापरतो. तेव्हा मी सकाळी दप्तर लपवून ठेवायचो. आत्याकडे केडगावला टीव्ही होता, माझ्या वयाची भावंडं होती, नळाला पाणी होतं. मला तिथे राहायचं होतं. हे तुला सांगण्याची हिंमत नव्हती. तू एकटी खर्ड्याला जाशील, हे मला कळत होतं.

सकाळ आहे. वीज जायच्या आत उरकायचं म्हणून तू मिक्सर लावला आहेस. दाराकडे तुझी पाठ आहे, पांढरं पातळ, ड्यूटीवर जायची तयारी झालेली. मी दारात उभा आहे. मिक्सर थांबतो, तू भांडं रिकामं करतेस, पुन्हा दाणे, तिखट, लसूण टाकतेस, पुन्हा लावतेस. थांबतो तेव्हा मी तोंड उघडतो आणि मिटतो. मग पुन्हा आवाज सुरू होतो, आणि त्या आवाजात मी म्हणतो, "मला नाही यायचं खर्ड्याला. मी आत्याकडं राहतो." ओरडून नाही. साध्या आवाजात, पूर्ण वाक्य. बोलून तर टाकायचं होतं आणि ऐकू जायला नको होतं. तू वळली नाहीस. एक हात भांड्यावर, एक हात मिक्सरला मागे धरलेला, तशीच. मी बाहेर गेलो आणि सुटल्यासारखं वाटलं.

दोन-तीन दिवसांनी जेवताना तू म्हणालीस, "तू आत्याकडं राहा. सारखी शाळा बदलून चालायचं न्हाई." एवढंच. ताटातून वर बघितलं नाहीस.

मी रडलो. खरंच रडलो, आई. जे मागितलं तेच मिळालं होतं, पण तू दिलंस म्हणजे तुलाही मी नको होतो, असं मला वाटलं. आणि ते तसंच राहिलं. आत्याकडे कुणी विचारलं की मी सांगायचो, आईने मला इथे ठेवलंय. कॉलेजात सांगितलं. लग्न ठरताना सांगितलं. त्या वाक्याने माणसं माझ्याशी मऊ व्हायची. एका दिवाळीला खर्ड्याला आलो होतो, काहीतरी क्षुल्लक कारणाने भांडलो आणि तुझ्या तोंडावर म्हणालो, "तूच टाकलंस मला केडगावला." तू चुलीपाशी होतीस, गॅस संपलेला होता. फुंकणी खाली ठेवलीस.

"व्हय, मीच ठेवलं. मग?"

मी दुसऱ्या दिवशीची एसटी धरली. त्यानंतर वर्षभरात तू गेलीस. घरातलं सामान वाटून टाकताना मिक्सर मी दवाखान्यातल्या आयाबाईंना दिला. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की देतोस ना? मी म्हणालो, न्या.

आणि मग, फार उशिरा, ही तळमळ सुरू झाली. तू ऐकलं होतंस का? ऐकून, मी मागितलं म्हणून पाठवलंस, आणि वर दोष आपल्या अंगावर घेतलास? की काही ऐकलंच नाहीस, आणि मला पाठवायचं तुझं तूच ठरवलंस? पहिलं खरं असेल तर मी जन्मभर सांगत आलो ती गोष्ट खोटी. दुसरं खरं असेल तर ती खरी, पण तीही मला नको आहे. एवढं एकच तपासण्यासारखं होतं: तो मिक्सर चालू असताना, तेवढ्या अंतरावरून, साध्या आवाजात बोललेलं ऐकू येतं की नाही. मी ओट्यापाशी तुझ्यासारखा उभा राहणार होतो. बायकोला दारातून ते वाक्य म्हणायला सांगणार होतो. ती हसली असती, पण तिने म्हटलं असतं.

आता ते होणार नाही.

संध्याकाळी मी परत पाठवायची तयारी करायला बसलो. तसाच टाकला असता तरी चाललं असतं. तुटलेलंच तर होतं. पण हात ऐकेना. बदलीची ऑर्डर आली की तू आधी स्वयंपाकघर बांधायचीस. काचेच्या बरण्यांना साड्यांच्या घड्या. बुद्धाची लहान मूर्ती गोधडीच्या मधल्या घडीत. आणि मिक्सरच्या भांड्यात बाजरी, गळ्यापर्यंत, वर फडकं बांधून झाकण घट्ट. "हलतं ते फुटतं," तू म्हणायचीस. "भरल्यालं हलत न्हाई." शेजारच्या बायका हसायच्या, सिस्टर, मिक्सरला वाटेत भूक लागती का? नव्या गावी पोचलो की त्याच बाजरीचं पीठ करून पहिली भाकरी व्हायची. दुसरं पोतं सोडायच्या आधी. ही आपल्या घरची रीत होती. ती आणखी कुणाकडे असेल असं मला वाटत नाही.

मी डब्याच्या तळाशी उरलेली बाजरी काढली आणि भांड्यात ओतली. ते लगेच भरलं. मी थांबलो. ते इतकं लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या आठवणीत ते मोठं होतं. दोन्ही हातांनी धरायचं. प्रत्यक्षात त्यात दोन मुठी दाणे बसतील, चटणी करायची तर त्याहून कमी, नाहीतर खाली चिकटते. आपल्या दोघांना एकदा वाटलेली चटणी आठवडाभर पुरायची. मग त्या सकाळी तू भांडं परत परत का भरत होतीस? मी दारात मिक्सर थांबायची वाट बघत होतो, ते थांबणं कशासाठी होतं?

माझी पत्र्याची पेटी आठवली. देवळालीहून निघालेला टेम्पो नगर ओलांडून मुद्दाम केडगावला आणलास, मला सोडायला. सगळ्या वाटेने मिक्सर माझ्या मांडीवर होता. आत्याच्या दारात मी उतरलो आणि तो तू आपल्या मांडीवर घेतलास. टेम्पोवाला म्हणाला, "चला बाई, जामखेडचा घाट हाय पुढं." तू त्याला थांब म्हणालीस, मिक्सर मांडीवर नीट केलास, आणि तो निघाला. आत्याने पेटी उघडली. कपड्यांच्या मधोमध स्टीलचा मोठा डबा, काठोकाठ दाबून भरलेली शेंगदाण्याची चटणी. आत्या म्हणाली, "अगं बाई, वहिनीनं काय दुकान टाकायला सांगितलंय का तुला?" सगळे हसले. दिवाळीपर्यंत पुरली ती.

त्या चटणीचे दाणे त्या सकाळच्या आदल्या संध्याकाळीच भाजले होते. सालं मी पाखडली होती, अंगणात, तुझ्याजवळ बसून. म्हणजे मी दारात उभा राहिलो तेव्हा माझी पेटी भरायला सुरुवात झाली होती. माझं वाक्य तुझ्यापर्यंत पोचलं असेल किंवा नसेल. तू त्याआधीच ठरवलं होतंस, आणि ते मला सांगणं तुला जमत नव्हतं म्हणून दाराकडे पाठ करून चटणी वाटत होतीस. मीही तेच ठरवून तुझ्या पाठीमागे उभा होतो. मला वाटलं होतं हे कळलं की शांत वाटेल. तसं झालं नाही. मी उठून गॅलरीत गेलो, परत आलो. टाकणं आणि ठेवणं ह्यांत फरक आहे, हे तू चुलीपाशी मला सांगत होतीस का? माझा शब्द तू दुरुस्त केला होतास. मी म्हणालो टाकलंस. तू म्हणालीस ठेवलं.

फडकं बांधलं. मिक्सरभोवती माझा जुना टॉवेल गुंडाळला, पोकळी राहिली तिथे चिंध्या भरल्या. खोका हलवून बघितला. आतून काही आवाज आला नाही.

आज सकाळी पार्सल न्यायला माणूस आला. त्याने खोका उचलला आणि कानाशी धरून हलवला.

"काय दगड भरलेत का, काका? कसलं पॅकिंग केलंय! येताना असं असतं तर मला कशाला यावं लागलं असतं?"

मग त्याने फोन काढून कारण विचारलं. तुटलेला आला, असं मी सांगणार होतो.

"आता नको आहे," मी म्हणालो.

तो गेल्यावर बायकोने बाजरीचा डबा उघडला आणि ओरडली, अहो, बाजरी कुठं गेली? मी सांगितलं, भांड्यात भरली होती, काढायची राहून गेली. ती कपाळाला हात लावून हसली, आणि दिल्लीच्या त्या माणसाला आता भाकरी, असं म्हणाली. मीही हसलो. राहून गेली नव्हती.